बसण्याआधी काय ठरवायचं?

एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्की, रम, व्होडका, काहीही घ्या, आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. हिशेब केला तर एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं, की जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना अतिरेकी मद्यपानात करते. सबमिशन संपल्यावर ‘जास्त नको, एकेक क्वार्टरच घेऊ’ म्हणून रूमवर कॉन्ट्री काढली जाते, तेव्हा अतिरेकाची रेषा तिथेच गाठलेली असते. आणि हे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नसतं.

हा लेख कॉलेजात शिकणाऱ्या, विशेषतः घर सोडून हॉस्टेलवर, फ्लॅटवर किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. या वयात न पिणं सगळ्यांत सुरक्षित. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि निर्णय घेणारा, स्वतःला आवर घालणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. महाराष्ट्राचा कायदाही बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावीत असं सांगतो, म्हणजे पदवीच्या वर्गातली बहुतेक मुलं कायद्यानेही त्यात बसत नाहीत. तरीही फेअरवेलला, थर्टीफर्स्टला, गटारीला, गोव्याच्या ट्रिपला अनेक जण बसणार आहेत. त्यांना ‘पिऊ नका’ एवढंच सांगून थांबलं, तर ज्या रात्री माहितीची सर्वांत जास्त गरज असते त्या रात्री ते एकटे पडतात.

सुरुवात मापापासून करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत एक युनिट म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. ३० मिलिच्या स्मॉल पेगमध्ये एक युनिट असतं, ६० मिलिच्या लार्जमध्ये दोन, नाइंटीमध्ये तीन. ‘मी फक्त बिअर घेतो’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाक्य नीट वाचावं. ६५० मिलिच्या, आठ टक्क्यांच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये चार युनिट असतात. दोन बाटल्या घेतल्या की क्वार्टरच्याही पुढे. पाच टक्क्यांची माइल्ड घेतली तरी एका बाटलीत अडीच युनिट आहेतच.

पण रूमवर पेगाचं माप कोणाकडे असतं? यूज अँड थ्रोच्या ग्लासात ‘बस, एवढा’ म्हणून ओतलं जातं. आजच एक प्रयोग करून बघा, त्याला दारू लागत नाही. त्याच ग्लासात, नेहमीच्या हाताने, एका पेगाएवढं साधं पाणी ओता. मग खोकल्याच्या औषधासोबत मिळतं ते छोटं माप घ्या आणि १० मिलिच्या रेषेपर्यंत भरत भरत ते पाणी मोजा. तीनदा भरलं तर तो स्मॉल, सहादा भरलं तर लार्ज. आठ-नऊ वेळा भरलं, तर तुम्ही ज्याला एक पेग म्हणता ते प्रत्यक्षात तीन आहेत. शिवाय ओतणाराही पीत असतो, त्यामुळे तिसऱ्या फेरीनंतर त्याचा हात आणखी सैल होतो. रात्री कोणी छातीठोकपणे ‘चारच झाले’ म्हणत असेल, तर ते चार कशाचे हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

दुसरा हिशेब वेळेचा. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकाली काढतं, आणि हा वेग वाढवण्याचा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाण्याची बादली, यांनी माणूस फार तर जागा होतो. रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं. रात्री एक वाजता क्वार्टर संपवलेला मुलगा सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला बाइकवरून निघतो, तेव्हा झोप झालेली असली तरी दारू पूर्ण उतरलेली असेलच असं नाही.

चढण्याच्या बाजूनेही घड्याळ फसवतं. घेतलेली दारू रक्तात पूर्ण पोहोचायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. तासाभरात तीन पेग मारून ‘अरे, काहीच चढली नाही’ म्हणत चौथा-पाचवा भरणारा मुलगा आधीच्या तिन्हींचा हिशेब येण्यापूर्वीच भर घालत असतो. बहुतेकदा हाच पेग माणसाला आडवा करतो. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मुलाइतकी दारू घेतली तरी त्यांच्या रक्तात ती जास्त चढते. बरोबरीने प्यायची पैज इथे शरीरशास्त्रच हरवतं.

आता त्या ‘कपॅसिटी’विषयी. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो, ज्याला कितीही पाजा, काही होत नाही. त्याचं कौतुक होतं आणि त्यालाही ते आवडतं. त्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. यकृतावर, जठरावर, झोपेवर होणारा परिणाम त्याला चुकत नाही. तो फक्त दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याच्या हातातून गाडीची किल्ली कोणी काढून घेत नाही. ज्यांना सुरुवातीपासूनच कमी चढते, त्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त असल्याचं संशोधनात आढळलं आहे. घरात वडिलांना, काकांना किंवा आजोबांना दारूचा त्रास होता आणि तुम्हाला ‘चढत नाही’, अशा दोन्ही गोष्टी असतील, तर तुम्ही इतरांपेक्षा जास्त जपायला हवं.

तसंच ‘काल रात्री काय केलं, काहीच आठवत नाही’ याचं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर क्लिप फिरते, हशा पिकतो. त्या क्लिपमध्ये तो बोलतोय, चालतोय, भांडतोय, पण मेंदूतलं आठवणी नोंदवणारं केंद्र त्या वेळी दारूने बंद पाडलेलं होतं. ही गंमत नव्हे. असं एकदा जरी झालं असेल, तरी त्या रात्रीची मात्रा तुमच्या मेंदूला झेपली नव्हती हे धरून चाला. दुसऱ्यांदा झालं असेल, तर समुपदेशकाला भेटा.

‘सगळेच पितात’ या समजुतीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण बहुतेक मुलं चवीसाठी नव्हे, या एका समजुतीपायी पहिला ग्लास उचलतात. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंच्याहत्तर वयोगटातल्या पुरुषांपैकी २७.३ टक्के आणि स्त्रियांपैकी १.६ टक्के दारू घेतात, असं त्यात आढळलं. म्हणजे देशातले बहुसंख्य पुरुषही पीत नाहीत. अमेरिकेत वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये एका कॉलेजातला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या विद्यार्थ्यांना वाटत होतं, की आपल्या मित्रांना भरपूर पिणं मान्य आहे. प्रत्यक्षात मित्रांची मतं त्याहून बरीच सौम्य होती. ज्याला घेतलेली आवडत नाही तोही गप्प बसतो, कारण उरलेल्यांना आवडते असं त्याला वाटतं. तुमच्या ग्रुपमध्येही असं होत असेल. एकेकट्याला, शांतपणे, चहाच्या टपरीवर विचारून बघा.

मजा दारूतच असते हेही तपासून बघण्यासारखं आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतच बार थाटला होता. दारू म्हणून बिनदारूचं पेय दिलं, तरी लोक मोकळे होत, मोठ्याने हसत, गप्पांना रंग चढे. आपल्याला दारू दिली गेली आहे हा विश्वासच त्यातलं बरंच काम करत होता. याच विद्यापीठात पुढे विद्यार्थ्यांसाठी दोन भेटींचा समुपदेशनाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात उपदेश नसतो. तू किती पितोस, तुझ्या मते इतर किती पितात, प्रत्यक्षात किती पितात, तुझा पैसा आणि वेळ किती जातो, हे त्याचेच आकडे त्याच्यासमोर ठेवतात आणि पुढचं त्याला ठरवू देतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी तो उचलला. कॉलेजच्या समुपदेशन कक्षांनी हे मराठीत करायला काहीच हरकत नाही.

ज्यांना प्यायची नाही, त्यांच्यासाठी एकच सूचना: कारण देऊ नका. ‘ॲसिडिटी आहे’ म्हटलं की ‘व्होडकाने काही होत नाही’ असं उत्तर येतं. ‘घरी कळेल’ म्हटलं की ‘इथेच झोप’. कारण दिलं की ते खोडता येतं. ‘मी घेत नाही, तुम्ही घ्या’ हे वाक्य हसून, एकदाच म्हणा आणि विषय बदला. हातात सोड्याचा, कोकमाचा, कशाचाही भरलेला ग्लास ठेवा. रिकामा हात दिसला की भरणारे येतात. आणि पाजणाऱ्यांनो, ज्याने एकदा नाही म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, एवढा एक नियम तुमच्या रूमचा करा. ज्युनियरला जबरदस्तीने पाजणं हे सरळसरळ रॅगिंग आहे. त्यासाठी यूजीसीची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२.

जे घेणारच आहेत त्यांनी बसण्याआधी, शुद्धीत असताना, काही गोष्टी ठरवाव्यात, कारण दुसऱ्या पेगनंतर ठरवणारा माणूस वेगळा असतो. किती घेणार हे युनिटमध्ये ठरवा आणि एका मित्राला सांगून ठेवा. तेवढीच आणा, उरलेली बाटली कोणी ठेवत नाही, ती संपवली जाते. आधी जेवा. पोळी-भाजी, वरण-भात, अंडी, काहीही चालेल, पण पोट भरलेलं असू द्या. चकणा म्हणजे जेवण नव्हे. खारट शेंगदाण्यांनी तहान वाढते आणि ग्लास लवकर रिकामा होतो. प्रत्येक पेगनंतर एक ग्लास पाणी प्या. बॉटम्स अप, वन शॉट, पत्त्यांत हरला तर एक मार, हे खेळ मी ठामपणे बंद करायला सांगेन, कारण त्यात वेग तुमच्या हातात राहत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळू नका. त्याने झोप जाते, नशा जात नाही, आणि माणूस जास्त पितो. झोपेची, चिंतेची, फिटची किंवा ॲलर्जीची गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी अजिबात नको.

जागाही महत्त्वाची. गच्चीचा कठडा, पवना धरणाचा काठ, कोकणातला किंवा गोव्याचा रात्रीचा समुद्र, ट्रेकच्या मुक्कामाची दरी, या ठिकाणी दोन पेगसुद्धा जास्त आहेत. आणि नापास झाल्यावर किंवा ब्रेकअपच्या रात्री दारू नको. मित्राचं दुःख हलकं करायचं असेल तर त्याला घेऊन चालायला जा.

प्रत्येक बैठकीत आळीपाळीने एक जण पूर्ण कोरडा राहील असं ठरवा. गाड्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे, पाकिटं त्याच्याकडे, कोण कुठे आहे ही जबाबदारी त्याची. कोणी नशेत असताना त्याच्याशी किंवा तिच्याशी जवळीक करू पाहत असेल, तर मध्ये पडण्याचं कामही त्याचं. नशेमुळे काय घडतंय हेच न समजणाऱ्या व्यक्तीची संमती कायद्याने संमती ठरत नाही.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. एखाद्याचा वाढदिवस असतो, सगळे मिळून त्याला पाजतात. बाराच्या सुमारास तो ओकतो, भिंतीला टेकून बसतो, मग बोलेनासा होतो. दोघं मिळून त्याला उचलून गादीवर उताणा टाकतात, शेजारी बादली ठेवतात, कोणी तरी म्हणतं, ‘झोपू दे, सकाळी उतरेल.’ दिवा बंद होतो. धोका इथून पुढे आहे. पोटातली उरलेली दारू अजून रक्तात यायची असते, म्हणजे तो झोपल्यावरही नशा वाढत जाते. उलटी झाली तर ती अडवायची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असते, उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते आणि बाजूला झोपलेल्यांना आवाजही येत नाही.

म्हणून आधी हलवून, नाव घेऊन, खांद्याला जोरात चिमटा काढून बघा. प्रतिसाद मिळाला नाही तर ती झोप नाही. श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी होत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, अंग गार आणि ओलसर लागत असेल, झटके आले असतील, बेशुद्धीत उलटी होत असेल, किंवा पडून डोक्याला मार बसला असेल, तर यांपैकी एक गोष्टही पुरेशी आहे. सगळ्या दिसण्याची वाट बघू नका. १०८ फिरवा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. नाही लागला तर ११२.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे तो पालथा-उताणा होणार नाही. वरचा हात गालाखाली घ्या, तोंड किंचित जमिनीच्या दिशेने वळलेलं ठेवा. अंगावर पांघरूण घाला. एकाने शेजारीच बसायचं, हलायचं नाही. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका, शॉवरखाली नेऊ नका, चालवत फिरवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणीही घालायचं नाही. डॉक्टरांना खरं सांगा: काय घेतलं, किती, केव्हा, सोबत गोळ्या किंवा आणखी काही होतं का. मुलींच्या बाबतीत मैत्रिणी बदनामीच्या भीतीने जास्त वेळ लपवतात, हे फार धोक्याचं आहे. बदनामी निस्तरता येते.

गाडीबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, आणि साधारण साठ किलोच्या मुलाला रिकाम्या पोटी घेतलेला एक लार्ज ती ओलांडायला पुरतो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून, दारू पिऊन निघाला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. रिक्षाचे किंवा कॅबचे दोनशे-तीनशे रुपये कॉन्ट्रीतच धरा, बाटलीच्या आधी.

मित्राचं पिणं वाढतंय असं वाटत असेल, तर नशेत असताना त्याला काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, एकट्याला गाठा. ‘तू बेवडा झालायस’ म्हणण्यापेक्षा जे पाहिलं ते सांगा: ‘या महिन्यात तीनदा तुला आम्ही उचलून आणलं, दोन इंटर्नल्स गेल्या, मला काळजी वाटते.’ जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, कोणताही समुपदेशक ती पाच मिनिटांत घेतो. आठ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर आलं. वीसच्या आसपास असतील तर उपचार हवेत. रोज पिणाऱ्या आणि सकाळी हात थरथरणाऱ्या मित्राला मात्र ‘आजपासून एकदम बंद’ असं सांगू नका. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं; ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसची १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. पुण्यात येरवड्याला १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या मराठी सभा राज्यात अनेक गावांत विनामूल्य भरतात.

पालकांना एक सांगणं आहे. रात्री दोन वाजता मुलाचा फोन आला, तर ‘प्यायलास ना?’ हा पहिला प्रश्न असू नये. ‘कुठे आहेस, सोबत कोण आहे, मी येऊ का?’ एवढंच विचारा. रागवायला दुसरा दिवस आहे. हे मुलाला आजच, काही घडलेलं नसताना सांगून ठेवा, कारण त्या रात्री फोन करायचा की नाही हे तो तुमच्या आजवरच्या वागण्यावरून ठरवतो.

आणि शेवटी प्राचार्य आणि हॉस्टेलच्या रेक्टर मंडळींना विनंती. मुलं १०८ ला फोन करत नाहीत, कारण त्यांना हॉस्टेलमधून काढून टाकण्याची भीती असते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये नियम केला, की दारूमुळे कोणाची प्रकृती बिघडली आणि मित्रांनी मदत बोलावली, तर त्या प्रसंगाबद्दल रुग्णावर आणि मदत बोलावणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. रुग्णाला समुपदेशकाकडे मात्र जावं लागेल. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले. आपल्या हॉस्टेलच्या नियमावलीत असं एक कलम घालायला पैसा लागत नाही. दारू आणण्यावरची बंदी तशीच ठेवा, पण त्या फलकाखाली दोन ओळी वाढवा: ‘मित्र बेशुद्ध असेल तर आधी १०८ ला फोन करा. फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही.’ आणि दिलेला शब्द पहिल्याच प्रसंगात पाळा. तो एकदा मोडला, तर पुढच्या वेळी कोणीही फोन करणार नाही.